रेषेच्या अलीकडे

(संयुक्त अरब अमिरातीत अनेक मराठी कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त राहतात. तेथील मराठी मुलांसमोर गणिताच्या एका शिक्षिकेने केलेले भाषण या पाठात दिले आहे. ‘बरोबर’ हे चिन्ह सर्वांच्या ओळखीचे असते. ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठे’ ही चिन्हे रोजच्या जीवनात किती उपयोगी पडतात, हे त्यांनी सोप्या उदाहरणांतून समजावून सांगितले आहे.)



आज आपण गणितातील एका चिन्हाविषयी बोलणार आहोत. हे चिन्ह तुम्ही पहिलीत असतानाच शिकला आहात. ५ आणि ३ या संख्यांमध्ये कोणती मोठी? ५ मोठी. म्हणून आपण लिहितो : ५ > ३. चिन्हाचे उघडे तोंड मोठ्या संख्येकडे आणि टोक लहान संख्येकडे.

हे चिन्ह फार जुने नाही. इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट नावाचा एक गणिती होऊन गेला. तो १६२१ साली वारला. त्याच्या मृत्यूनंतर १६३१ साली त्याचा बीजगणितावरील ग्रंथ छापून निघाला. त्या ग्रंथात ही दोन चिन्हे पहिल्यांदा छापली गेली. ‘बरोबर’चे चिन्ह मात्र त्याआधीचे, म्हणजे १५५७ सालचे आहे.

या चिन्हाची एक गंमत सांगते. तुम्ही शाळेत अरबी भाषा शिकता. मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. आता ५ > ३ हे डावीकडून वाचा : पाच तीनपेक्षा मोठे. उजवीकडून वाचा : तीन पाचपेक्षा लहान. दोन्ही वाक्ये खरी! चिन्ह कोणत्याही बाजूने वाचले तरी ते खोटे बोलत नाही.

तुम्ही म्हणाल, “बाई, हे तर आम्हांला येते. यात नवीन काय?” नवीन आहे ते असे. एका बाजूची संख्या आपल्याला माहीत नसेल तर काय करायचे? ती कितीपर्यंत असू शकेल, हे कसे शोधायचे? अशा विधानाला ‘असमानता’ म्हणतात आणि त्या न कळलेल्या संख्येचा शोध घेणे म्हणजे ‘असमानता सोडवणे’. हे का शिकायचे, ते आधी पाहू.

तुमच्यापैकी बहुतेकांनी दुबईची खाडी पाहिली असेल. तेथे लाकडी गलबते काठाला लागलेली असतात. त्यांत पोती, खोकी, टायर असा नाना प्रकारचा माल चढवला जातो. जेबेल अली येथे तर १९७९ साली सुरू झालेले प्रचंड बंदर आहे. तेथे लोखंडी पेट्यांनी भरलेली मोठमोठी जहाजे येतात. अशा एखाद्या मालवाहू जहाजाच्या बाजूकडे नीट पाहा. जहाजाच्या मध्यावर एक गोल रंगवलेला असतो आणि त्या गोलाच्या मधून एक आडवी रेषा गेलेली असते. ही रेषा नुसती शोभेची नाही. जहाजात माल भरत गेला की जहाज पाण्यात खाली खाली जाते. पाणी रंगवलेल्या रेषेपर्यंत आले की माल भरणे थांबवायचे. रेषा पाण्याखाली गेली, तर जहाज जास्त भरले असे समजायचे.

ही रेषा कशी आली, ऐका. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी काही लोभी जहाजमालक आपल्या जहाजांत बेसुमार माल भरत. जहाज बुडाले तर मालकाला विम्याचे पैसे मिळत. पण जहाजावरचे गरीब खलाशी समुद्राच्या तळाशी जात. अशा जहाजांना लोक ‘शवपेटी जहाजे’ म्हणू लागले. इंग्लंडच्या संसदेतील सॅम्युएल प्लिमसॉल या सभासदाला हे पाहवले नाही. त्याने १८७३ साली खलाशांची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. त्याने संसदेत भांडून हा प्रश्न धसास लावला. अखेर १८७६ साली जहाजावर भाराची रेषा रंगवण्याचा कायदा झाला. पुढे १९३० साली अनेक देशांनी एकत्र येऊन त्यासाठी करार केला. आज जगभरच्या मालवाहू जहाजांवर ही रेषा दिसते. तिला ‘प्लिमसॉल रेषा’ असे त्याचेच नाव मिळाले आहे.

ही रेषा म्हणजे काय? ती एक असमानताच आहे. जहाजावरचा भार ≤ ठरवून दिलेला भार. ≤ हे चिन्ह ‘पेक्षा लहान किंवा बरोबर’ असे वाचतात. एका ओळीच्या या विधानाने कितीतरी माणसांचे प्राण वाचवले आहेत.

या देशातील आणखी एक नियम पाहा. येथे उन्हाळा किती कडक असतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. या उन्हात इमारती बांधणारे, रस्ते करणारे हजारो कामगार असतात. त्यांत आपल्या भारतातून आलेलेही पुष्कळ आहेत. भर दुपारच्या उन्हात काम केले तर उष्माघात होऊन माणूस दगावू शकतो. म्हणून १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्यावर, उन्हात काम करून घेण्यास सरकारची मनाई असते. ही मर्यादा दोन्ही बाजूंनी घातलेली आहे. साडेबाराच्या पुढे आणि तीनच्या अलीकडे काम बंद. म्हणजे या नियमात दोन असमानता आहेत.

तेव्हा मुलांनो, असमानता म्हणजे एक रेषाच. रेषेच्या अलीकडे चालेल, पलीकडे चालणार नाही. ही रेषा नेमकी कोठे आहे, ते शोधून काढायला आपण आता शिकू.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी कितीतरी जण गावी जातात. कोणी रत्नागिरीला, कोणी साताऱ्याला, कोणी नागपूरला. आजी-आजोबांसाठी येथून काय नेता? खजूर! समजा, विमानात एका बॅगेचे वजन ३० किलोपर्यंत चालते. रिकामी बॅग ४ किलोची आहे. कपड्यांचे वजन १० किलो आहे. खजुराचा एक डबा २ किलोचा आहे. तर बॅगेत खजुराचे किती डबे ठेवता येतील?

डबे किती ते माहीत नाही. म्हणून त्या संख्येला आपण ‘क्ष’ म्हणू. एका डब्याचे वजन २ किलो, तर क्ष डब्यांचे वजन २क्ष किलो. बॅग आणि कपडे मिळून ४ + १० = १४ किलो. म्हणून

१४ + २क्ष ≤ ३०

दोन्ही बाजूंतून १४ वजा करू.

२क्ष ≤ १६

दोन्ही बाजूंना २ ने भागू.

क्ष ≤ ८

झाले! क्ष ही संख्या ८ किंवा ८ पेक्षा लहान असली पाहिजे.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. समीकरण सोडवल्यावर तुम्हांला बहुधा एकच उत्तर मिळते. येथे किती उत्तरे मिळाली? एकही डबा न नेता चालेल. १ चालेल, २ चालेल, ५ चालेल, ८ सुद्धा चालेल. ० ते ८ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या हे बरोबर उत्तर आहे. या सर्व उत्तरांना मिळून असमानतेची ‘उकल’ म्हणतात.

उत्तर आले की ताळा करून पाहावा. असमानतेचा ताळा तीन ठिकाणी करावा : रेषेच्या अलीकडे, रेषेवर आणि रेषेच्या पलीकडे.

रेषेच्या अलीकडे, ५ डबे घेतले : १४ + १० = २४. चालेल.
रेषेवर, ८ डबे घेतले : १४ + १६ = ३०. चालेल.
रेषेच्या पलीकडे, ९ डबे घेतले : १४ + १८ = ३२. चालणार नाही.

तिन्ही ठिकाणी जसे व्हायला हवे तसेच झाले. म्हणजे आपली रेषा योग्य जागी आहे. नवव्या डब्याचा मोह आवरला नाही, तर विमानतळावर सर्वांसमोर बॅग उघडून डबा बाहेर काढावा लागेल. त्यापेक्षा घरी चार ओळींचे गणित केलेले बरे!

दोन्ही बाजूंतून १४ वजा केले, तरी चिन्ह तसेच कसे राहिले? हे घरातल्या उदाहरणावरून पाहू. समजा, ताई १२ वर्षांची आणि तुम्ही ९ वर्षांचे आहात. १२ > ९. पाच वर्षांनी ताई १७ वर्षांची होईल आणि तुम्ही १४ वर्षांचे व्हाल. १७ > १४. ताई मोठी ती मोठीच. पाच वर्षांपूर्वी ताई ७ वर्षांची आणि तुम्ही ४ वर्षांचे होता. तेव्हाही ताईच मोठी होती. म्हणून दोन्ही बाजूंत समान संख्या मिळवली किंवा दोन्ही बाजूंतून समान संख्या वजा केली, तरी चिन्ह बदलत नाही.

आता गुणाकार पाहा. एका ताटलीत ६ लाडू आणि दुसरीत ४ लाडू आहेत. ६ > ४. दोन्ही ताटल्यांतले लाडू दुप्पट केले, तर १२ > ८. दोन्हींतले निम्मे काढून घेतले, तर ३ > २. ज्या ताटलीत जास्त होते, तिच्यातच जास्त राहिले. म्हणून दोन्ही बाजूंना समान धन संख्येने गुणले किंवा भागले, तरी चिन्ह बदलत नाही.

कधी कधी उत्तर अपूर्णांकात येते. समजा, तुमच्याजवळ २५ दिरहम आहेत. ४ दिरहमचे एक पेन घ्यायचे आहे आणि उरलेल्या पैशांत ६ दिरहमची एक याप्रमाणे वह्या घ्यायच्या आहेत. म्हणून

४ + ६क्ष ≤ २५
६क्ष ≤ २१
क्ष ≤ ३.५

दुकानदार अर्धी वही फाडून देणार नाही. म्हणून जास्तीत जास्त ३ वह्या. उत्तर काढल्यावर ते कशाचे उत्तर आहे, याचा विचार जरूर करावा. वह्या, डबे, माणसे यांचे तुकडे होत नाहीत. मात्र साखर किंवा कापड असते, तर साडेतीन किलो किंवा साडेतीन मीटर हे उत्तर अगदी बरोबर ठरले असते.

आता एक तुमच्या जिव्हाळ्याचा विषय. मोटारीत पुढच्या आसनावर बसायला कोणाला आवडते? पाहा, सगळ्यांचेच हात वर आले! या देशात २०१७ साली वाहतुकीचे जे नियम झाले, त्यांनुसार पुढे बसणाऱ्याचे वय निदान १० वर्षे आणि उंची निदान १४५ सेंटिमीटर असावी लागते. ‘निदान’ म्हणजे तेवढे किंवा त्याहून जास्त. त्यासाठी ≥ हे चिन्ह वापरतात.

वय ≥ १०
उंची ≥ १४५

हा नियम मुलांना हिरमुसले करण्यासाठी केलेला नाही. मोटारीचा पट्टा मोठ्या माणसाच्या खांद्यावरून आणि छातीवरून जातो. मूल बुटके असेल, तर तोच पट्टा त्याच्या गळ्यावर येतो. अपघात झाला की पुढच्या बाजूची हवेची पिशवी फार जोराने फुगते. तिचा तडाखा लहान मुलाला सोसत नाही. म्हणून ही रेषा आखली आहे.

समजा, एक मुलगा आज ८ वर्षांचा आहे आणि त्याची उंची १२७ सेंटिमीटर आहे. दरवर्षी तो ६ सेंटिमीटरने वाढतो, असे धरू. किती वर्षांनी त्याला पुढे बसता येईल? वर्षांची संख्या क्ष मानू.

वयाची अट : ८ + क्ष ≥ १०, म्हणून क्ष ≥ २.
उंचीची अट : १२७ + ६क्ष ≥ १४५, म्हणून ६क्ष ≥ १८, म्हणून क्ष ≥ ३.

दोन वर्षांनी वयाची अट पुरी झाली. पण उंची १३९ सेंटिमीटरच भरली. म्हणून आणखी एक वर्ष थांबायचे. जेथे दोन अटी ‘आणि’ या शब्दाने जोडलेल्या असतात, तेथे दोन्ही पाळाव्या लागतात. म्हणून उत्तर क्ष ≥ ३. तोपर्यंत मागे बसा, पट्टा लावा आणि खिडकीतून गंमत पाहा.

ही उत्तरे चित्राने दाखवता येतात. एक संख्यारेषा काढा. तिच्यावर ०, १, २, ३ असे बिंदू घ्या. क्ष ≥ ३ दाखवायचे असेल, तर ३ या बिंदूवर भरीव ठिपका काढा आणि तेथून उजवीकडे बाण काढा. ठिपका भरीव का? कारण ३ ही संख्याही चालते. पण असमानता क्ष > ३ अशी असती, तर ३ चालले नसते. मग ३ वर पोकळ वर्तुळ काढायचे. ‘पेक्षा मोठे’ आणि ‘पेक्षा मोठे किंवा बरोबर’ यांत एवढाच फरक आहे; पण तो एवढासा फरक फार मोलाचा आहे. ‘दहा वर्षांपेक्षा लहान मुलांना प्रवेश नाही’ अशी पाटी असेल, तर बरोबर दहा वर्षांच्या मुलाला प्रवेश मिळेल की नाही? मिळेल, कारण दहा ही संख्या दहापेक्षा लहान नाही. पाटीवरचे शब्द असे लक्ष देऊन वाचावे लागतात.

मुलांनो, आता असमानतेतील सर्वांत फसव्या वळणावर आपण आलो आहोत. येथे मोठेही चुकतात. तेव्हा नीट लक्ष द्या.

येथल्या मोठ्या इमारतींना जमिनीखाली मजले असतात. तेथे मोटारी ठेवतात. लिफ्टमधील बटणे आठवा. जमिनीच्या पातळीला आपण ० म्हणू. वर जाताना १, २, ३. खाली जाताना उणे १, उणे २, उणे ३. आता सांगा, वरचा तिसरा मजला उंच की पहिला? तिसरा उंच. ३ > १. आणि जमिनीखाली? उणे तिसरा मजला उंच की उणे पहिला? उणे पहिला उंच, कारण उणे तिसरा त्याहून खाली आहे.

३ > १
पण −३ < −१

पाहा, दोन्ही संख्यांना −१ ने गुणले आणि चिन्ह उलटे झाले. जमीन म्हणजे जणू आरसा. जो वर जास्त उंच, त्याचे प्रतिबिंब खाली जास्त खोल.

आपल्या भाषेत या संख्यांना ‘धन’ आणि ‘ऋण’ अशी नावे आहेत. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. भारतातील थोर गणिती ब्रह्मगुप्त यांनी इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात धन आणि ऋण यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार कसे करावेत, याचे नियम दिले आहेत. या दोन शब्दांत चिन्ह उलटण्याचे कारण दडले आहे. ज्याच्याजवळ ३०० दिरहम आहेत, तो १०० दिरहमवाल्यापेक्षा श्रीमंत. पण ज्याला ३०० दिरहमचे देणे आहे, तो १०० दिरहमचे देणे असलेल्यापेक्षा अधिक अडचणीत. धन मोठे तर माणूस वर, ऋण मोठे तर माणूस खाली.

हा नियम गणितात कसा लागतो, ते पाहू. दुबईत मेट्रोने किंवा बसने जाताना आपण नोल कार्ड वापरतो. समजा, तुमच्या कार्डात ६० दिरहम आहेत. परतीच्या प्रवासासाठी निदान २० दिरहम शिल्लक ठेवायचे, असे तुम्ही ठरवले. तर आता किती दिरहम खर्च करता येतील? खर्च क्ष मानू.

६० − क्ष ≥ २०

दोन्ही बाजूंतून ६० वजा करू.

−क्ष ≥ −४०

आता दोन्ही बाजूंना −१ ने गुणू. ऋण संख्येने गुणले, म्हणून चिन्ह उलटे करू.

क्ष ≤ ४०

जास्तीत जास्त ४० दिरहम खर्च करता येतील. ताळा करा. रेषेच्या अलीकडे, ३० खर्च केले : शिल्लक ३०. चालेल. रेषेवर, ४० खर्च केले : शिल्लक २०. चालेल. रेषेच्या पलीकडे, ५० खर्च केले : शिल्लक १०. चालणार नाही.

समजा, कोणी चिन्ह उलटे करायला विसरले. मग त्याचे उत्तर येईल : क्ष ≥ ४०. म्हणजे ४० किंवा त्याहून जास्त खर्च करा! असे करून तो परतीच्या वेळी स्थानकावरच अडकून पडेल. पण त्याने ताळा केला असता, तर चूक तेथल्या तेथे सापडली असती. म्हणून सांगते, नियम पाठ करा आणि ताळाही करा. नियम विसरला, तरी ताळा तुम्हांला सावरतो.

जाता जाता बीजगणिताच्या प्रवासाविषयी दोन शब्द सांगते. भारतातील गणित आणि खगोलशास्त्र आठव्या शतकात अरबांच्या बगदाद शहरी पोचले. तेथे इ. स. ८२०च्या सुमारास अल्-ख्वारिझ्मी या विद्वानाने अरबी भाषेत एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावात ‘अल्-जब्र’ हा शब्द आहे. जब्र म्हणजे तुटलेले सांधणे, उणे असलेले भरून काढणे. त्या शब्दावरूनच बीजगणिताचे इंग्रजी नाव ‘अल्जिब्रा’ तयार झाले. अरबी भाषेत बीजगणिताला आजही ‘अल्-जब्र’च म्हणतात.

आणि आपल्या महाराष्ट्रात? १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून मठ स्थापन केला. त्याची माहिती देणारा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे सापडला आहे. सुट्टीत त्या बाजूला गेलात, तर पाटण्याची आठवण ठेवा. मुलांनो, तुम्ही घरी मराठी बोलता आणि शाळेत अरबी शिकता. बीजगणिताच्या इतिहासातील दोन मोठी दालने तुम्हांला मोकळी आहेत.

आता शेवटचे सांगते. मर्यादा म्हटली की आपल्याला राग येतो. ‘इथपर्यंतच’ हा शब्द कोणालाच आवडत नाही. पण जहाजावरची रेषा खलाशाला घरी परत आणते. दुपारची सुट्टी कामगाराचा जीव राखते. मोटारीतील नियम तुमची काळजी घेतो. आणि एक पाहा, रेषेच्या अलीकडे केवढी तरी मोकळीक असते! खजुराच्या गणितात चालणारी नऊ उत्तरे होती. त्यांतले कोणते निवडायचे, हे तुमच्या हाती होते. रेषा कोठे आहे, हे ज्याला नेमके कळते, तोच तिच्या अलीकडे निर्धास्तपणे वावरतो.

घरी जाताना लिफ्टमधली पाटी वाचा. किती माणसे आणि किती किलो, ते तिच्यावर लिहिलेले असते. ती असमानता चिन्हे वापरून वहीत लिहून काढा.



शब्दार्थ

असमानता – दोन बाजू सारख्या नसल्याचे किंवा एक बाजू ठरावीक मर्यादेत असल्याचे विधान. उकल – असमानता खरी ठरवणाऱ्या सर्व संख्या. ताळा – उत्तर पडताळून पाहण्याची रीत. खलाशी – जहाजावर काम करणारा. बेसुमार – प्रमाणाबाहेर. धसास लावणे – शेवटपर्यंत नेणे. उष्माघात – कडक उन्हामुळे होणारा आजार. निदान – कमीत कमी. हिरमुसले होणे – मन खट्टू होणे. निर्धास्तपणे – काळजी न करता.

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘पेक्षा मोठे’ व ‘पेक्षा लहान’ ही चिन्हे असलेला हॅरियटचा ग्रंथ कोणत्या साली छापला गेला?
(आ) जहाजावरील भाराच्या रेषेला कोणाचे नाव मिळाले आहे?
(इ) ‘अल्-जब्र’ या शब्दातील ‘जब्र’चा अर्थ काय?
(ई) भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख कोठे सापडला?

प्रश्न २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) जहाजावर रेषा रंगवण्याचा कायदा का करावा लागला?
(आ) बुटक्या मुलाने मोटारीत पुढच्या आसनावर बसणे धोक्याचे का असते?
(इ) असमानतेचा ताळा कोणत्या तीन ठिकाणी करावा?

प्रश्न ३. रिकाम्या जागी योग्य चिन्ह लिहा.
(अ) ७ ..... ४ (आ) −७ ..... −४ (इ) ० ..... −२

प्रश्न ४. सोडवा, ताळा करा आणि उत्तर संख्यारेषेवर दाखवा.
(अ) क्ष + ६ ≤ ११ (आ) ३क्ष > १२ (इ) ५ + २क्ष ≥ १७ (ई) ३० − क्ष ≥ १८

प्रश्न ५. एका बोटीत जास्तीत जास्त ६०० किलो भार चालतो. बोटीत आधीच १२० किलो सामान आहे. एका माणसाचे वजन ६० किलो धरल्यास त्या बोटीत जास्तीत जास्त किती माणसे बसू शकतील?

उपक्रम : तुमच्या घराजवळ, शाळेत आणि प्रवासात मर्यादा सांगणाऱ्या पाट्या पाहा. त्यांतील पाच पाट्या वहीत उतरवून घ्या. प्रत्येक पाटी असमानतेच्या चिन्हांत लिहा. ती मर्यादा कोणाच्या भल्यासाठी आहे, ते तिच्यापुढे एका वाक्यात लिहा.